स्वतःलाच पाठवलेलं पाकीट

अल्बम काढण्याआधी गाण्यांची सीडी रजिस्टर पोस्टाने स्वतःच्याच पत्त्यावर पाठवायची, पाकीट फोडायचं नाही, की कॉपीराइट पक्का! सदाशिव पेठेतल्या तालमीच्या खोलीपासून कोथरूडच्या स्टुडिओपर्यंत हा सल्ला फिरतो. चाल चोरीला जाण्याची धास्ती खरीच असते, म्हणून तो पटतोही.

पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःची चाल रचली, गाणं ध्वनिमुद्रित केलं, की हक्क आपोआप येतो. नोंदणी ऐच्छिक, मात्र वाद झालाच तर कलम ४८प्रमाणे ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते, म्हणजे उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. पाकिटाला तसं स्थान नाही. शिवाय नीट न चिकटवलेलं रिकामं पाकीटही घरी पोहोचू शकतं, सीडी मागाहून भरता येते. कायद्याचा मजकूर इंटरनेटवर मोफत आहे. कलम १३ आणि ४४ ते ४८ वाचून पाहा. स्टुडिओतल्या मूळ फायली, तारखांसकट ईमेल मात्र जपा.