द्राक्षांची पेटी आणि मेंदूतला हिशेब

डोपामिन हे आनंदाचे रसायन आहे, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की त्यावर शंका घेणाराच अडाणी ठरावा. ‘अमुक फळ खा आणि डोपामिन वाढवा’, ‘सात दिवस डोपामिनचा उपवास करा’ असे सल्ले देणारे संदेश आपल्या सर्वांच्या मोबाइलवर रोज येऊन पडतात. दुसरीकडे, साध्यासुध्या दिवसात तुम्हाला कशाने बरे वाटते असे एखाद्या नाशिककराला विचारले, तर तो गोदाघाटावरची पहाटेची गुलाबी थंडी सांगेल, मेन रोडच्या गर्दीत अवचित भेटलेला शाळेतला मित्र सांगेल, किंवा सीबीएसच्या थांब्यावर पोहोचताक्षणी समोर येऊन उभी राहिलेली बस सांगेल. अशा क्षणी मेंदूत डोपामिनचे काम चालते हे खरेच आहे, परंतु ते काम आनंद निर्माण करण्याचे नाही. ते काय आहे, हे समजले की मोठ्या गोष्टींपेक्षा लहान गोष्टी माणसाला पुन्हा पुन्हा सुख का देऊ शकतात, याचाही बराचसा उलगडा होतो.

डोपामिनचे महत्त्व प्रथम लक्षात आले ते हालचालींच्या संदर्भात. स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात सशांना रेसर्पिन हे औषध दिले. हे औषध आपल्याकडच्या सर्पगंधा या वनस्पतीच्या मुळांपासून मिळते. औषध दिलेले ससे निपचित पडून राहिले. नंतर ज्यापासून शरीरात डोपामिन तयार होते ते एल-डोपा त्यांना टोचले, तेव्हा ते पुन्हा हालचाल करू लागले. पार्किन्सनच्या आजारात मध्यमेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट होत जातात आणि रुग्णाला पाऊल उचलणेही अवघड होते, हे त्याच सूत्राचे दुसरे टोक होय. कार्लसन यांना या कामासाठी 2000 साली नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. डोपामिनचा ‘उपवास’ करा म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण ज्याचा डोपामिन खरोखर संपतो तो मनुष्य शांत आणि समाधानी होत नाही, तो जागच्या जागी जखडला जातो. काही काळ मोबाइल बाजूला ठेवण्यात लाभ जरूर आहे, पण त्याला हे नाव देणे म्हणजे शास्त्राच्या नावावर चुकीचा माल खपवणे आहे.

मग आनंदाशी या रसायनाचे नाव जोडले गेले कसे? 1954 मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या आणि कळ दाबली की मेंदूच्या ठरावीक भागात विजेचा सौम्य प्रवाह जाईल अशी सोय केली. काही उंदीर ती कळ तासाला शेकडो वेळा दाबत राहिले. पुढे या भागांचा डोपामिनच्या मार्गाशी संबंध आढळला आणि ‘हेच आनंदाचे केंद्र’ असा समज घट्ट झाला. मिशिगन विद्यापीठातील केंट बेरिज यांनी त्याला मोठा धक्का दिला. ज्या उंदरांच्या मेंदूतील डोपामिन जवळजवळ संपूर्ण नष्ट केले होते, ते समोर अन्न असूनही आपणहून खात नव्हते. परंतु त्यांच्या तोंडात साखरेचे पाणी सोडले की ते नेहमीच्या उंदरांप्रमाणेच मिटक्या मारत. गोडाचा आनंद शाबूत होता, गेली होती ती त्यामागे जाण्याची ओढ. हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूत दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांपैकी आवडण्याचा संबंध प्रामुख्याने मेंदूत तयार होणाऱ्या अफूसदृश द्रव्यांशी आणि काही अत्यंत चिमुकल्या जागांशी आहे. उंदराच्या मेंदूत अशी एक जागा जेमतेम एक घन मिलिमीटरची आहे.

आता त्या प्रयोगाकडे येतो, ज्याच्याविषयी मला कितीही लिहिले तरी पुरेसे वाटत नाही. स्वित्झर्लंडमधील फ्रिबोर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मध्यमेंदूतील एकेका डोपामिन पेशीचे विद्युत्-संकेत नोंदवत होते. अशी पेशी काही घडत नसतानाही सेकंदाला साधारण तीन ते पाच वेळा ठोके देत असते. माकडाच्या तोंडात अनपेक्षितपणे फळाच्या रसाचा थेंब पडला की ठोक्यांची एकदम सरबत्ती होई. पुढे रसाच्या आधी दर वेळी एक दिवा लावण्यास सुरुवात केली. काही काळाने माकडाला दिव्याचा अर्थ कळला, आणि नेमका येथे चमत्कारिक बदल दिसला: सरबत्ती आता दिवा लागताच होऊ लागली, आणि रस मिळण्याच्या क्षणी पेशी आपल्या संथ लयीतच राहिली. रस तोच, गोडी तीच, माकडही तेच. तरी पेशीला रसाचे काही वाटेनासे झाले. त्याहून विलक्षण म्हणजे, दिवा लावूनही रस दिला नाही, तर ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी ठोके थांबत. जे घडलेच नाही, त्याची वेळ त्या पेशीला ठाऊक होती.

याचा अर्थ असा, की डोपामिन पेशी मिळालेल्या सुखाची नोंद करत नाहीत. मिळालेले वजा अपेक्षित, एवढीच वजाबाकी त्या करतात. उत्तर धन आले तर ठोके वाढतात, शून्य आले तर तसेच राहतात, ऋण आले तर थांबतात. या उत्तराला अपेक्षेतील त्रुटी म्हणतात आणि ती मेंदूला पुढची अपेक्षा सुधारण्यासाठी वापरता येते.

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, दिंडोरीकडे बाग असलेले एक शेजारी जानेवारीतल्या एका रविवारी तुमच्याकडे द्राक्षांची पेटी आणून देतात. तिचे मोल आपण 10 धरू. ध्यानीमनी नसताना आल्यामुळे अपेक्षा 0, म्हणून त्रुटी 10. मेंदू दर वेळी त्रुटीच्या निम्म्याने आपली अपेक्षा वाढवतो असे मानले, तर नवी अपेक्षा 5 होते. पुढच्या रविवारी पुन्हा पेटी आली, तर त्रुटी 5 आणि अपेक्षा 7.5, तिसऱ्या रविवारी त्रुटी 2.5 आणि अपेक्षा 8.75, चौथ्या रविवारी त्रुटी 1.25, पाचव्या रविवारी ती 0.6च्या आसपास येते. द्राक्षांचा गोडवा कणभरही कमी झालेला नाही, पण त्यांनी मेंदूला दिलेली बातमी जवळजवळ संपली आहे. सहाव्या रविवारी शेजारी गावाला गेले आणि पेटी आली नाही, तर त्रुटी उणे 9.7 होते. ज्या गोष्टीवर आपला काडीचाही हक्क नव्हता, तिच्या अभावाने चुटपुट लागते, ती यामुळे. निम्म्याचा आकडा मी सोयीसाठी घेतला. प्रत्यक्षात तो व्यक्तीनुसार आणि परिस्थितीनुसार बदलतो, वजाबाकी मात्र तीच राहते.

या गणिताचा आणखी एक पदर आहे आणि तो थोडा कठीण असला तरी गाळवत नाही. संगणकाला अनुभवातून शिकवण्यासाठी रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी 1980च्या दशकात एक पद्धत विकसित केली होती. तिच्यात अंतिम फळाची वाट न पाहता, या क्षणीचा अंदाज आणि पुढच्या क्षणीचा अंदाज यांतील फरकावरूनच अपेक्षा दुरुस्त होत जाते. त्यामुळे त्रुटी फळाकडून खुणेकडे आणि त्या खुणेकडून आणखी आधीच्या खुणेकडे मागे मागे सरकते. शुल्ट्झ यांच्या नोंदी आणि हे समीकरण पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दोन्ही आलेख जुळले. तिघांचा निबंध 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकासाठी कागदावर मांडलेले सूत्र प्राण्याच्या मेंदूत आधीपासूनच वापरात असल्याचे दिसणे, ही मला विसाव्या शतकातल्या विज्ञानातील सर्वांत सुंदर घटनांपैकी एक वाटते. पेटी घेऊन येणाऱ्या शेजाऱ्यांच्या दुचाकीचा आवाज फाटकापाशी ऐकू आला की द्राक्षे दिसण्याआधीच मन का फुलते, त्याचे उत्तर या मागे सरकण्यात आहे.

ही झाली पेशींची गोष्ट. माणसाला प्रत्यक्ष काय वाटते, याचा तपास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील रॉब रुटलेज, डायन, रे डोलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये केला. लहान रकमांच्या पैजा खेळणाऱ्या लोकांना मधूनमधून ‘या क्षणी तुम्ही किती आनंदी आहात’ असे विचारले गेले. नंतर मोबाइलवरील खेळातून 18,420 लोकांवर हे पडताळून पाहिले. क्षणाक्षणाचा आनंद एकूण किती रक्कम जमली यावर ठरत नव्हता. नुकत्याच झालेल्या काही डावांत अपेक्षा काय होती आणि तिच्यापेक्षा किती अधिक वा उणे मिळाले, यावर तो ठरत होता, आणि मागच्या डावांचा प्रभाव झपाट्याने ओसरत होता. प्रभाव इतका लवकर ओसरत असेल, तर एका मोठ्या लाभावर फार काळ निभावणार नाही आणि लहान लाभ वारंवार होत राहणे अधिक उपयोगी पडेल, हे ओघानेच येते. एड डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये वेगळ्या वाटेने हाच निष्कर्ष मांडला होता: समाधानी माणसे सुखद भावनांच्या तीव्रतेपेक्षा त्यांच्या वारंवारतेने ओळखू येतात. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम जिंकलेल्या 22 लोकांची 1978 मध्ये पाहणी झाली, तेव्हा न्याहारी, विनोद, मासिक वाचणे, मित्राशी गप्पा अशा गोष्टींपासून त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद मिळत असल्याचे आढळले होते. नमुना लहान होता, तरी दिशा तीच आहे.

भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असे आपल्याकडे मानतात. तपकिरी-तांबूस पंखांचा, लालभडक डोळ्यांचा हा पक्षी झुडपांच्या आडोशाने चालतो, त्यामुळे त्याचा ‘कूप-कूप’ आवाज ऐकू येतो पण तो दिसतो क्वचितच. आणि क्वचित, अवचित दिसणे म्हणजे मोठी धन त्रुटी. त्या क्षणी झालेला आनंद अस्सल आहे, त्यासाठी कोणत्याही शकुनाची गरज नाही. त्या दिवशी अडलेले काम होईल की नाही, याच्याशी त्या बिचाऱ्या पक्ष्याचा कसलाही संबंध नाही, आणि त्याला पाहूनही काम फसल्याचे दिवस आपण सोयीस्करपणे विसरतो.

सवयीने त्रुटी शून्याकडे जाते, हे अटळ असले तरी तिला थोडे मागे ढकलता येते. एका प्रयोगात ज्यांना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य केले होते, त्यांनी पुढच्या वेळी ते इतरांपेक्षा अधिक चवीने खाल्ले. दुसऱ्या एका प्रयोगात सलग मालिशपेक्षा मध्ये खंड पडलेले मालिश लोकांना अधिक सुखद वाटले, जरी खंड पडल्याने मजा जाईल असाच सर्वसाधारण अंदाज होता. अन्नाच्या बाबतीत तर याची यंत्रणाच निराळी आणि स्पष्ट आहे. एडमंड रोल्स यांनी दाखवले, की माकडाने एखादा पदार्थ पोटभर खाल्ला की डोळ्यांच्या वरच्या बाजूस असलेल्या मेंदूच्या भागातील काही पेशी त्या पदार्थाला प्रतिसाद देणे थांबवतात, पण न खाल्लेल्या पदार्थाला त्याच पेशींचा प्रतिसाद कायम असतो.

नाशिकच्या मिसळीचे ताट या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मटकीवर शेव आणि कांदा, वेगळ्या वाटीत रस्सा, बाजूला लिंबाची फोड, दही, भाजलेला पापड आणि अनेक ठिकाणी एखादी जिलेबी. पहिला घास झणझणीत लागतो, पाचव्या-सहाव्या घासाला रश्श्याचा झटका बोथट होतो. मग दह्याचा चमचा किंवा जिलेबीचा तुकडा मध्ये आला की पुढचा घास पुन्हा तिखट आणि खमंग लागतो. लाळेच्या प्रमाणावरूनही हे मोजून पाहिलेले आहे. एकच चव वारंवार जिभेवर ठेवली की सुटणारी लाळ कमी कमी होत जाते, आणि मध्ये एकदा निराळी चव दिली की पहिल्याच पदार्थाला ती पुन्हा भरपूर सुटू लागते.