अबोली

अबोली हे दक्षिण भारत आणि श्रीलंकेत मुळापासून आढळणारे, बारमाही हिरवे राहणारे झुडूप. उंची साधारण दोन ते तीन फूट, पाने गडद हिरवी, तुकतुकीत आणि काठाशी किंचित लहरी. शास्त्रीय नाव क्रॉसेंड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस. यातला दुसरा शब्द फुलाच्या नरसाळ्यासारख्या आकारावरून आला आहे. कुल अडुळसा आणि कोरांटीचे. कन्नडमध्ये हिला कनकांबर म्हणतात, तमिळमध्ये कनकांबरम.

फुले हिरव्या, चौकोनी कणसावर खालून वर उमलत जातात. एक फूल तोडून हातात घेतले तर बारीक, फिकट नळी आणि तिच्या टोकाला एकाच बाजूला पसरलेला पाच पाळ्यांचा पंखा दिसतो. केशरी आणि गुलाबी यांच्या मधल्या या रंगाला मराठीत दुसरे नावच नाही, तो ‘अबोली’च. साड्यांच्या दुकानात हा शब्द रोज चालतो, आणि 2016 मध्ये महाराष्ट्रात महिला चालकांच्या रिक्षांसाठी हाच रंग ठरला. पिवळ्या, लालसर आणि गडद केशरी फुलांच्या जातीही आहेत.

फुलाला वास मुळीच नाही, पण ते टिकते. मोगरा संध्याकाळपर्यंत मलूल होतो, अबोलीचा गजरा दुसऱ्या दिवशीही माळता येतो. म्हणूनच कोकणात अबोलीचा वळेसर आणि गोव्यात अबोलीची फाती यांचा मान मोठा आहे. केळीच्या सोपात दाट गुंफलेली फाती केसांतही शोभते आणि देवालाही. फूल इतके हलके की किलोभर भरायला हजारो फुले खुडावी लागतात, त्यामुळे शेतकऱ्याचा खरा खर्च तोडणीच्या मजुरीवर होतो.

फुले सरली की कणसावर छोटी बोंडे धरतात. ती वाळल्यावर पाणी लागले की तट्कन फुटतात आणि बिया लांब उडतात. पहिल्या पावसात झाडाजवळ उभे राहिले तर हा आवाज ऐकू येतो. नाव अबोली असले तरी एवढे ती बोलते. अंगणात न पेरताच रोपे उगवतात ती यामुळेच.

बियांपासून लावायची असेल तर कणसे वाळू द्यावीत आणि फुटण्याआधी कागदी पिशवीत काढावीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरलेले बी दोन-तीन आठवड्यांत उगवते. ‘दिल्ली’ नावाची गडद केशरी जात मात्र त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली, असल्याने बी धरत नाही. तिची रोपे वीतभर कोवळ्या फांद्या वाळूत लावूनच करावी लागतात. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का अंबरा’, ‘अर्का कनका’ अशा जाती दिल्या आहेत.

जमीन निचऱ्याची आणि शेणखत घातलेली हवी. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली हिला सर्वांत मानवते. भर उन्हात पाने पिवळट पडतात. कुंडी दहा-बारा इंची पुरे, पण तळाचे भोक मोकळे असल्याची खात्री करावी, कारण पाणी साचले की मुळे कुजतात. कडाक्याची थंडी सोसत नाही. बी नको असेल तर सरलेली कणसे लगेच खुडावीत. बगलेतून नवे फुटवे येतात आणि फुले वाढतात.

हिचा खरा शत्रू मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी, म्हणजे मातीतला दोऱ्यासारखा अतिसूक्ष्म कृमी. खतपाणी देऊनही झाड खुरटत असेल तर एखादे रोप उपटून मुळे पाहावीत. गाठी दिसल्या तर त्या मातीत पुन्हा अबोली लावू नये. आधी झेंडूचे एक पीक घ्यावे, निंबोळी पेंड मिसळावी आणि मगच नवी रोपे आणावीत.