एअरसाइड रात्रमुक्काम

आंतरराष्ट्रीय प्रवासात विमान बदलताना, वाटेतल्या देशात प्रवेश न करता विमानतळाच्या नियंत्रित अंतर्भागातच रात्र काढणे याला एअरसाइड रात्रमुक्काम म्हणतात. रात्री उशिरा उतरलेला आणि सकाळचे पुढचे विमान असलेला प्रवासी इमिग्रेशनच्या रांगेकडे वळत नाही. तो ‘ट्रान्सफर’च्या पाटीमागून जातो, बहुतेक ठिकाणी पुन्हा एकदा सुरक्षा तपासणी देतो आणि प्रस्थान कक्षात येऊन थांबतो. पुढे तो खुर्चीवर झोपो, लाउंजमध्ये झोपो की आतल्याच हॉटेलात खोली घेवो, त्याच्या पासपोर्टवर त्या देशाचा शिक्का उमटत नाही.

अशी रात्र काढता येईल की नाही हे तीन गोष्टींवर ठरते: त्या देशाचे व्हिसाचे नियम, त्या विमानतळाचे रात्रीचे वेळापत्रक आणि प्रवाशाच्या तिकिटाची व सामानाची जुळणी. तिन्ही अनुकूल हव्यात, एक जरी फिसकटली तरी उरलेल्या दोन निरुपयोगी ठरतात. अडचण अशी की तिन्हींबद्दल सांगणारे वेगवेगळे. वकिलात फक्त व्हिसाचे सांगते, विमानतळ आपल्या वेळा सांगतो आणि विमान कंपनी सामानाचे बघते. तिन्ही उत्तरे एकत्र मांडून पाहण्याचे काम प्रवाशाच्याच अंगावर पडते, आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते.

कायद्यातील स्थान

नागरी विमान वाहतुकीचा पाया असलेला शिकागो करार १९४४ साली झाला. त्याचे नववे परिशिष्ट प्रवासी आणि माल यांची ये-जा सुलभ करण्याविषयी आहे. त्यात थेट संक्रमण (ट्रान्झिट) क्षेत्राची कल्पना दिलेली आहे: सरकारने मान्य केलेली, सरकारच्याच देखरेखीखालची अशी जागा, जिथे प्रवासी देशात प्रवेशाचा अर्ज न करता थांबू शकतात. ‘सरकारच्याच देखरेखीखालची’ हे शब्द महत्त्वाचे. संक्रमण क्षेत्र म्हणजे कोणत्याच देशाची नसलेली भूमी, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. तिथे त्या देशाचा फौजदारी कायदा लागू असतो आणि अटक त्याच देशाचे पोलीस करतात.

याबाबतचा सर्वांत स्पष्ट निवाडा युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९९६ साली आमूर विरुद्ध फ्रान्स या खटल्यात दिला. १९९२ साली पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर आश्रय मागणाऱ्या सोमाली भावंडांना संक्रमण क्षेत्रात २० दिवस रोखून ठेवले होते. त्यांना दुसऱ्या देशात निघून जाण्याची मोकळीक होती, म्हणजे ते कैदेत नव्हते, असा फ्रान्सचा बचाव होता. न्यायालयाने तो नाकारला. हे क्षेत्र फ्रान्सच्या कायद्याबाहेर नाही आणि तिथे माणसाला अडकवून ठेवणे हा स्वातंत्र्याचा संकोच आहे, असे त्याने म्हटले. एका रात्रीपुरत्या थांबणाऱ्याला हा खटला दूरचा वाटेल, पण त्या दालनातही माणसाला हक्क असतात हे यातूनच ठरले.

व्हिसा

इमिग्रेशन ओलांडायचे नाही म्हणजे व्हिसा लागणार नाही, हे गृहीत धरून चालत नाही. शेंगेन देशांनी, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाने, अफगाणिस्तान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, नायजेरिया, इराण यांच्यासह काही देशांच्या नागरिकांना विमानतळाच्या आत थांबण्यासाठीही वेगळा व्हिसा लावला आहे. तो ‘अ’ प्रकारचा विमानतळ संक्रमण व्हिसा. समान यादीखेरीज एखादा शेंगेन देश आपल्यापुरती अधिक नावेही घालू शकतो, त्यामुळे एका विमानतळावर चाललेला पासपोर्ट शेजारच्या देशाच्या विमानतळावर चालेलच असे नाही. ब्रिटनमध्येही आतल्या आत विमान बदलणाऱ्या काही राष्ट्रीयत्वांना वेगळा व्हिसा लागतो. कॅनडात व्हिसा लागू असलेल्या देशांच्या नागरिकांना विमानतळ न सोडताही संक्रमण व्हिसा काढावा लागतो. ऑस्ट्रेलियात ठरावीक देशांच्या नागरिकांना व्हिसाविना संक्रमण कक्षात थांबता येते, पण ८ तासांपर्यंतच. लांब रात्र एवढ्यात मावत नाही.

शेंगेनमधला एक पेच स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण त्याने भल्याभल्यांचे प्रवास बिघडवले आहेत. तिथल्या मोठ्या विमानतळांना एक नव्हे, दोन एअरसाइड असतात. एक शेंगेनच्या आत जाणाऱ्या विमानांसाठी, दुसरे बाहेर जाणाऱ्यांसाठी, आणि दोहोंच्या मध्ये पासपोर्ट तपासणी. प्रवासात दोन शेंगेन विमानतळ असतील, समजा आधी फ्रँकफर्ट आणि मग माद्रिद, तर त्या दोन शहरांमधले उड्डाण देशांतर्गत असल्यासारखे मानले जाते. म्हणजे पहिल्याच ठिकाणी शेंगेनमध्ये प्रवेश करावा लागतो आणि विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकायचे नसले तरी पूर्ण प्रवेश व्हिसा लागतो. संक्रमण व्हिसा इथे पुरत नाही. हॉटेलाचेही तसेच: आतले हॉटेल दोहोंपैकी कोणत्या बाजूला आहे हे पाहिल्याशिवाय खोली घेऊ नये.

अमेरिकेत तर ही प्रथाच नाही. तिथे बाहेरच्या देशातून उतरलेल्या प्रत्येकाला, पुढे तिसऱ्याच देशात जायचे असले तरी, इमिग्रेशन आणि कस्टममधून जावे लागते. व्हिसाविना संक्रमणाची जी सवलत पूर्वी होती ती सुरक्षेच्या कारणावरून ऑगस्ट २००३ मध्ये थांबवण्यात आली.

हे सारे नियम प्रवाशाला पहिल्यांदा भेटतात ते निघण्याच्या विमानतळावर. कागदपत्रे नसलेला प्रवासी आणून सोडल्यास अनेक देश विमान कंपनीला दंड करतात आणि त्याला परत नेण्याचा भारही तिच्यावरच टाकतात. म्हणून चेक-इनचा कर्मचारी टिमॅटिक या नियमसंग्रहात पाहून खात्री पटली तरच बोर्डिंग पास देतो. वाटेतल्या देशाचा अधिकारी काय म्हणेल ही पुढची गोष्ट, काउंटरवरच्या पडद्यावर ‘नाही’ आले तर प्रवास तिथेच संपतो.

रात्री विमानतळ

सिंगापूरचा चांगी, दोहाचा हमाद, दुबई, इस्तंबूल यांसारखे विमानतळ रात्रभर जागे असतात. त्यांचा व्यवसायच एका खंडातून आलेले प्रवासी दुसऱ्या खंडाकडे रवाना करण्यावर चालतो आणि मध्यरात्रीनंतरचे तास तिथे गर्दीचे असतात. याउलट वस्तीला आवाजाचा त्रास नको म्हणून काही ठिकाणी रात्रीची उड्डाणे बंद असतात. सिडनीत १९९५च्या कायद्याने रात्री ११ ते सकाळी ६ ही बंदी आहे, फ्रँकफर्टमध्ये २०११पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित उड्डाणे होत नाहीत. मात्र उड्डाणे बंद म्हणजे इमारत बंद असे नव्हे. फ्रँकफर्टच्या टर्मिनल १ मध्ये आतल्या बाजूलाच एक संक्रमण हॉटेल आहे. काही लहान विमानतळ मात्र शेवटचे विमान गेले की आतला भाग रिकामा करतात. अशा वेळी व्हिसा नसलेल्या प्रवाशाची अवस्था बिकट होते: आत थांबू देत नाहीत आणि बाहेर जाता येत नाही. म्हणून विमानतळ रात्री उघडा असतो का, एवढे विचारून भागत नाही. संक्रमण कक्ष उघडा असतो का, हे विचारावे लागते.

दुसरी एक बारीक गोष्ट म्हणजे ट्रान्सफर काउंटर. पुढचा बोर्डिंग पास हातात नसेल तर तो तिथे मिळतो, आणि पुष्कळ ठिकाणी हा काउंटर रात्री काही तास बंद असतो. बोर्डिंग पासाविना सुरक्षा तपासणीपलीकडे सोडत नाहीत. मग खुर्च्या, पाणी, दुकाने सगळे काचेच्या पलीकडे आणि माणूस अरुंद मार्गिकेत, असे घडते. निघतानाच सर्व टप्प्यांचे बोर्डिंग पास मागून घेणे हाच यावर उपाय.

तिकीट आणि सामान

एकाच तिकिटावरचा प्रवास असेल तर सामान सहसा शेवटच्या मुक्कामापर्यंत जाते. बॅगेला लावलेल्या पट्टीवर शेवटच्या शहराचा तीन अक्षरी संकेत आहे ना, हे काउंटर सोडण्यापूर्वी पाहावे. वेगवेगळी दोन तिकिटे जोडून केलेल्या स्वस्त प्रवासात सामान बहुधा वाटेतल्या विमानतळावर पट्ट्यावर येते. तो पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. म्हणजे सामान घ्यायचे तर देशात प्रवेश करावा लागतो आणि एअरसाइड मुक्कामाचा बेत कोसळतो. शिवाय पहिले विमान चुकले तर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी नसते. माझ्या मते व्हिसा नसताना, रात्रीच्या थांब्यासह दोन सुटी तिकिटे घेणे टाळावेच, वाचलेले पैसे या जोखमीला पुरत नाहीत. फक्त हातातले सामान असणाऱ्याला, आणि पुढचा बोर्डिंग पास आधीच मिळवता येत असेल तर, हे जमून जाते.

भाड्याच्या नियमांत आंतरराष्ट्रीय थांबा साधारणपणे २४ तासांपर्यंत असला तर तो जोडप्रवास धरतात, त्याहून जास्त असला की तो स्वतंत्र मुक्काम होतो. संक्रमण कक्षात राहण्याची मुदतही पुष्कळ देशांत २४ तासांचीच असते.

रात्रीचे औषध, गरम कपडा, दात घासायचे साहित्य हातातल्या पिशवीत हवे, कारण चेक-इन केलेली बॅग सकाळपर्यंत दिसत नाही. द्रवपदार्थ प्रत्येकी १०० मिलिलिटरपर्यंत, ही २००६ साली आलेली मर्यादा अनेक विमानतळांवर अजून आहे. ड्यूटी-फ्री दुकानातली बाटली पावतीसह सीलबंद पारदर्शक पिशवीत मिळते. ती पिशवी रात्री उघडली तर सकाळच्या तपासणीत बाटली जाते. चांगीच्या जुन्या टर्मिनलांत तर ही तपासणी गेटपाशीच होते, म्हणून पाण्याची बाटली तिथे पोहोचण्याआधी रिकामी करावी लागते.

झोप

आतली संक्रमण हॉटेले ठरावीक तासांच्या हिशेबाने खोली देतात, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाला अख्खा दिवस नको असतो. दोहा, दुबई, अ‍ॅमस्टरडॅम, क्वालालंपूर, सिंगापूर इथे ती आहेत. इस्तंबूलला एकाच हॉटेलाच्या खोल्या इमिग्रेशनच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि नोंदणी करताना बाजू निवडावी लागते. म्युनिकसारख्या ठिकाणी एक पलंग मावेल एवढ्या झोपण्याच्या पेट्या भाड्याने मिळतात. विमान रद्द झाल्याने किंवा फार लांबल्याने रात्र काढावी लागली तर युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार विमान कंपनीने हॉटेल द्यायचे असते. पण ते हॉटेल शहरात असेल तर व्हिसा नसलेल्याला त्याचा उपयोग नाही. आतल्या हॉटेलात किंवा लाउंजमध्ये सोय करून द्या, असे अशा वेळी काउंटरवर स्पष्ट मागावे.

बाकीच्यांच्या वाट्याला खुर्च्या येतात. प्रत्येक आसनाला हात बसवलेली रांग आडवे होऊ देत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी हे हात माणसाने झोपू नये म्हणूनच बसवलेले असतात. ज्या विमानतळाला रात्री माणसे थांबणार हे वेळापत्रकावरून ठाऊक असते, त्याने तासन्‌तास बसून काढायला लावावे हे अन्यायाचे आहे. म्हातारी माणसे आणि लहान मुलांसह एकटी निघालेली आई यांना ते फार जड जाते. चांगीने पाठ टेकून पाय लांब करता येतील अशा आरामखुर्च्या सगळ्यांसाठी मोफत ठेवल्या आहेत, तेव्हा ही गोष्ट अशक्य नाही.

रात्री दालने गार पडतात, दिवे मात्र सहसा मंद होत नाहीत, आणि उजेडात शरीरातील मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचे सांगणारे संप्रेरक, दबते. डोळ्यांवर पट्टी आणि अंगावर शाल असेल तर निम्मे काम होते. पासपोर्ट आणि पैसे अंगावरच्या कपड्यात, पिशवीचा पट्टा हाताला किंवा पायाला अडकवलेला, आणि जागा शक्यतो कॅमेऱ्याच्या व इतर माणसांच्या टप्प्यात, अशी व्यवस्था चांगली. प्रार्थना कक्ष शांत असतो, पण तो झोपण्यासाठी नाही. गजर लावताना घड्याळ स्थानिक वेळेवर आहे का ते तपासावे. गेट रात्रीतून बदलू शकते, म्हणून उठल्यावर पहिल्यांदा फलक पाहावा.

मुक्काम लांबतो तेव्हा

क्वचित ही रात्र संपत नाही. इराणचे मेहरान करीमी नासेरी १९८८ ते २००६ या काळात पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या टर्मिनल १ मध्ये राहिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांचा मृत्यूही त्याच विमानतळावर झाला. अमेरिकेच्या गुप्त पाळतीची माहिती उघड करणारे एडवर्ड स्नोडेन जून २०१३ मध्ये मॉस्कोच्या शेरेमेत्येवो विमानतळावर उतरले तेव्हा अमेरिकेने त्यांचा पासपोर्ट रद्द केलेला होता. रशियाने तात्पुरता आश्रय देईपर्यंत, १ ऑगस्टपर्यंत, ते संक्रमण क्षेत्रात होते. २०१८ साली एका सीरियन नागरिकाने क्वालालंपूरच्या विमानतळावर सुमारे सात महिने काढले आणि अखेर त्याला कॅनडाने घेतले. २०२० साली सीमा अचानक बंद झाल्या तेव्हाही पुष्कळ साधे प्रवासी असेच अडकले. या सगळ्यांची मूळ अडचण एकच होती: पुढे घेणारा देश नव्हता. एअरसाइड थांबण्याची मुभा पुढच्या प्रवासाच्या आधाराने मिळते, तो आधार गेला की थांबण्याला कायदेशीर नाव उरत नाही.

उलट प्रकारही घडतो. प्रवास करायचा नसताना तिकीट काढून आत जाणे सिंगापूरमध्ये गुन्हा आहे. २०१६ साली चांगीत एक प्रवासी, त्याचे विमान चुकल्यानंतर, बनावट बोर्डिंग पास दाखवत लाउंजमधून लाउंजमध्ये फिरत १८ दिवस राहिला. त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली.