‘तीच ट्यूब द्या’ म्हणण्याआधी: स्तनावरचे न जाणारे पुरळ आणि कर्करोगाची भीती यांविषयी आमच्या ग्राहक भगिनींसाठी

पावसाची झड लागली, की आमच्या दुकानात एक प्रसंग आठवड्यातून दोन-तीनदा तरी घडतो. एखादी ओळखीची ग्राहक येते, बाकीची गिऱ्हाइके जाईपर्यंत उगाच खोकल्याच्या गोळ्यांची बरणी न्याहाळत उभी राहते, आणि मग पर्समधून कात्रीने कापलेला खोक्याचा तुकडा काढून काउंटरवर पालथा ठेवते. ‘ताई, हीच ट्यूब द्या,’ एवढेच ती म्हणते. तुकडा उलटून पाहिला तर त्यावर तीन औषधांची नावे असतात: एक स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक प्रतिजैविक. कुठे लावायची आहे असे हळूच विचारले, की कळते की स्तनाखाली किंवा स्तनाग्रापाशी चट्टा आहे, तो दीड-दोन महिने हटत नाही, घरात कोणाला सांगितलेले नाही, आणि मनात घोळणारा प्रश्न मलमाचा नसून ‘हे कर्करोगाचे तर नसेल ना?’ हा आहे.

अशी ट्यूब आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि त्यामुळे काही ग्राहक आमच्यावर नाराज झालेल्या आहेत. ‘पुढच्या गल्लीत मागितली की मिळते, तुम्हीच एवढे नियम दाखवता,’ हे आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. नियम आमचा नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमे शेड्यूल एच मध्ये घातली आणि तेव्हापासून ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येतात. परंतु हा नियम नसता तरी स्तनावरच्या चट्ट्यासाठी आम्ही ती ट्यूब आपल्या हाती ठेवली नसती. त्याचे कारण गर्दीच्या वेळी काउंटरवर उभ्याने सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे.

स्टेरॉइडचे काम दाह दाबण्याचे असते. ते लावल्यावर दोन-तीन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते आणि आपल्याला वाटते की बरे झाले. मूळ कारण मात्र जागच्या जागी राहते. चट्टा गजकर्णाचा असेल, तर त्याची ओळखीची गोल, उठावदार कड पुसट होते आणि बुरशी कातडीत आणखी दूरवर पसरत जाते. मलम बंद करताच आठ-दहा दिवसांत चट्टा पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत येतो, आणि त्यासोबत भीतीही दुप्पट होऊन येते. शेवटी आपण त्वचारोगतज्ज्ञांकडे जाता तेव्हा त्यांच्यासमोर अर्धे पुसलेले चित्र असते, आणि पुष्कळदा त्यांना सांगावे लागते की सगळी मलमे काही दिवस बंद ठेवा आणि मग पुन्हा या. म्हणजे ज्या शंकेचे निरसन पहिल्याच भेटीत होऊ शकले असते, ती आणखी कित्येक आठवडे उशाशी घेऊन झोपावे लागते. शिवाय स्तनाखालची कातडी घडीतली आणि नाजूक असते. तेथे मलम घामात झाकून राहते, अधिक शोषले जाते, आणि दीर्घकाळ लावल्यास कातडी पातळ होऊन तिच्यावर ताणाच्या रेघा उमटतात. त्या रेघा पाहून पुन्हा घाबरून आलेल्या भगिनीही आम्ही पाहिल्या आहेत.

स्तनावरील बहुतेक पुरळांचे कारण साधे असते, हे आधी नीट ध्यानात घ्यावे. स्तनाखालच्या घडीत घाम साचून कातडीला कातडी घासते, ती ओली राहते आणि तेथे बुरशी धरते. पावसाळ्यात कपडे धड वाळत नसताना, दमट ब्रा घालून दुचाकीवर तासभर प्रवास करणाऱ्या बायकांत हे फार दिसते. नवा साबण, कपड्यांचा सुगंधी द्रव, ब्राचे इलॅस्टिक किंवा हूक यांची ॲलर्जीही चट्टा उठवते, आणि असा चट्टा बहुधा ती वस्तू जेथे टेकते त्याच रेषेत असतो. रात्री खाज वाढत असेल आणि घरातल्या इतरांनाही खाजत असेल, तर खरजेचा विचार करावा लागतो. एकाच बाजूला पाठीकडून पुढे येणारा, आग होणारा, बारीक फोडांचा पट्टा नागिणीचा असू शकतो. त्यासाठी मात्र थांबू नये, कारण तिचे औषध पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्यास उत्तम लागू पडते. स्तनाग्रावर साधा इसबही होतो; तो बहुधा दोन्ही बाजूंना असतो आणि योग्य उपचाराने आवरतो.

आता आपल्याला ज्याची भीती वाटते त्याविषयी, काहीही न लपवता. त्वचेवर पुरळासारखे दिसू शकणारे स्तनाचे कर्करोग प्रामुख्याने दोन आहेत. पहिला पॅजेटचा आजार. इंग्लंडचे शल्यचिकित्सक जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये त्याचे वर्णन केले आणि स्तनाच्या सर्व कर्करोगांत त्याचे प्रमाण साधारण १ ते ३ टक्के आहे. तो बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो, स्तनाग्रापासून सुरू होतो आणि मग भोवतालच्या काळसर वर्तुळाकडे सरकतो. खपली धरते, पाझरते, पुन्हा खपली धरते. स्टेरॉइडने तोही काही काळ शांत झाल्यासारखा दिसू शकतो, आणि आमच्या हट्टामागचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. दुसरा दाहक कर्करोग, ज्याचे प्रमाण १ ते ५ टक्के सांगितले जाते. यात स्तन काही आठवड्यांतच लाल, गरम आणि जड होतो, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खड्ड्याखड्ड्यांची दिसते, आणि गाठ हाताला लागेलच असे नाही. अंगावर पाजणाऱ्या आईचा स्तन सुजून लाल झाला तर बहुधा तो संसर्ग असतो, पण प्रतिजैविके घेऊनही तो आठवड्या-दोन आठवड्यांत उतरला नाही, तर पुढची तपासणी मागून घ्यावी. वर दिलेले टक्के स्तनाच्या कर्करोगांतले आहेत, स्तनावरच्या पुरळांतले नाहीत. चट्टे होणाऱ्या असंख्य बायकांना कर्करोग नसतोच, त्यामुळे हे आकडे स्वतःच्या चट्ट्याला लावून घाबरू नये.

सहा वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या उजव्या स्तनाग्रावर अशी खपली धरली होती. औषधनिर्माणशास्त्र शिकलेली, दिवसभर याच बाटल्या-ट्यूबांत वावरणारी मी, तीन आठवडे कोणाला काही बोलले नाही. रोज रात्री न्हाणीघराच्या पिवळ्या दिव्याखाली पाहत राहिले. अखेर जाऊबाईंना सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जागा बधिर करून पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा तपासणीला घेतला, एक टाका घातला, आणि आम्ही अर्ध्या तासात बाहेर आलो. अहवाल येईपर्यंतचा आठवडा मात्र जड गेला. त्या दिवसांत मी दुपारच्या निवांत वेळी दुकानातला रोज एक कप्पा उतरवून औषधांच्या मुदतीच्या तारखा तपासल्या, कारण हात कामात असले की मन त्यांच्या मागोमाग येत असे. अहवालात इसब निघाला. ‘तुकडा काढला की कर्करोग पसरतो’ असे मला तेव्हा दोघीतिघींनी सांगितले होते. ते खरे नाही. संशय असताना निदान पक्के करण्याचा मार्ग तोच आहे.

याच भीतीपोटी काही ग्राहक ‘कर्करोगाची रक्ततपासणी’ कोठे होते, असे विचारतात. सीए १५-३ सारखी तपासणी उपचार घेत असलेल्या रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी असते. तिचा आकडा चांगला आला म्हणून कर्करोग नाही आणि वाढला म्हणून आहेच, असे दोन्ही म्हणता येत नाही. मॅमोग्राफी करायची की सोनोग्राफी, हे डॉक्टर वय आणि तपासणी पाहून ठरवतील. स्तनाग्रावरचा चट्टा बरा होत नसेल, तर केवळ मॅमोग्राफी चांगली आली म्हणून विषय मिटत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

दोन आठवड्यांत न जाणारा कोणताही चट्टा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. स्तनाग्र आत ओढले गेले असेल, त्यातून रक्तमिश्रित पाणी येत असेल, काखेत गाठ लागत असेल किंवा लाली झपाट्याने वाढत असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. खाजगी तपासणी परवडत नसल्यास ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. तेथे बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर जावे.

भेटीची तारीख ठरवणे हाच चिंतेवरचा पहिला उपाय, असा आमचा अनुभव आहे. ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवली, की ‘जावे की न जावे’ हा रोजचा झगडा तरी संपतो. मधल्या दिवसांत चट्टा सारखा चाचपू नये. दाबून, चोळून, अँटिसेप्टिकने घासून कातडी आपोआप लाल होते, मग ती लाली पाहून काळीज धडधडते आणि हात पुन्हा तेथेच जातो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा, आंघोळीनंतर, खिडकीच्या उजेडात, शेजारी फूटपट्टी धरून एक छायाचित्र काढावे आणि बाकीचे सहा दिवस पाहू नये. रात्री अकरानंतर मोबाइलवर अशा रोगांची चित्रे शोधू नयेत. तेथे बहुधा अतिशय वाढलेल्या आजारांचीच चित्रे समोर येतात आणि आपला नखाएवढा चट्टा आपण त्यांच्याशी ताडून पाहतो. घरातल्या एका तरी माणसाला सांगावे, आणि भेटीला त्यालाच सोबत न्यावे, कारण घाबरलेल्या मनाला डॉक्टरांचे अर्धे बोलणे ऐकूच येत नाही. डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हटले, तर ‘कशावरून?’ असे नम्रपणे विचारून उत्तर कागदावर उतरवून घ्यावे. पुन्हा शंका आली की तो कागद वाचता येतो. एवढे करूनही झोप लागत नसेल, तर टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतूनही उपलब्ध आहे.

डॉक्टरांकडे जाताना आजवर लावलेल्या सर्व ट्यूबा, अगदी पिळून चपट्या झालेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्यात. त्या लपवण्यात काही अर्थ नाही. काय लावले होते हे कळले, की डॉक्टरांना अंदाज बांधणे सोपे जाते. त्या दिवशी चट्ट्यावर काहीही लावू नये.

तोवर जागा साध्या पाण्याने धुऊन, मऊ सुती कापडाने टिपून कोरडी ठेवावी, ब्रा रोज बदलावी, आणि घडीत सुती कापडाची पट्टी ठेवावी. अशा शिवलेल्या पट्ट्या, बिनवासाचा सौम्य साबण आणि घासण्यापासून जपणारे झिंक ऑक्साइडचे मलम आमच्याकडे असते. चट्टा स्तनाग्रावर असेल तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय तेही लावू नये.

चिठ्ठी घेऊन आलात, की औषध कधी, किती आणि किती दिवस लावायचे हे आम्ही खोक्यावर मराठीत लिहून देतो, आणि शेवटचा दिवस गोल करून ठेवतो, कारण निम्मी मलमे मध्येच सोडली जातात. एखादे मलम दुकानात नसेल, तर बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत मागवून देतो, आणि जवळपासच्या पेठांत बंद पाकिटातून घरपोच पाठवतो. मोबाइलमधील छायाचित्र आम्हाला दाखवण्याचा आग्रह कृपया धरू नये. ते पाहून निदान करणे आमचे काम नाही, आणि आमच्या एका चुकीच्या ‘काही नसेल’मुळे आपली भेट लांबणीवर पडावी, असे आम्हाला नको आहे. बोलायचे असल्यास दुपारी तीन ते पाच या वेळेत यावे. त्या वेळी काउंटरवर मी एकटीच असते, आणि आत बसायला खुर्ची आहे.