फ्रॅकिंगचे पर्यावरण व आरोग्यावरील परिणाम : पेनसिल्व्हेनियातील मार्सेलस शेल

फ्रॅकिंग म्हणजे जमिनीखालच्या घट्ट खडकात पाणी, वाळू व रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने घुसवून खडकाला बारीक भेगा पाडणे आणि त्यात अडकलेला नैसर्गिक वायू मोकळा करणे. शेल (पंकाश्म) या खडकात वायू भरपूर असतो, पण छिद्रे एकमेकांना जोडलेली नसल्याने तो वाहत नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागातील मार्सेलस हा असाच डेव्होनियन या फार जुन्या भूशास्त्रीय काळातील थर आहे. पेनसिल्व्हेनियात त्याची पहिली यशस्वी गॅसविहीर 2004 मध्ये वॉशिंग्टन काउंटीत फ्रॅक झाली आणि पुढच्या दहा वर्षांत राज्यात हजारो विहिरी उभ्या राहिल्या. परिणामांचा सर्वाधिक अभ्यास जिथे झाला त्यांत हे राज्य येत असल्याने या नोंदीत मुख्यतः तेथील माहिती घेतली आहे.

पद्धत : मार्सेलसपर्यंत पोचायला साधारण दीड ते अडीच किलोमीटर खोल उभे छिद्र पाडतात. मग ते थरातून आडवे वळवून आणखी एक ते तीन किलोमीटर पुढे नेतात. छिद्रात एकात एक अशा पोलादी केसिंग पाइपांच्या नळ्या उतरवून बाहेरच्या पोकळीत सिमेंट भरतात. भूजलाच्या थराला वेगळे ठेवते ती वरची केसिंग. आडव्या भागात टप्प्याटप्प्याने छोटे स्फोट करून नळीला भोके पाडली जातात आणि चौरस इंचाला 8 ते 10 हजार पौंड दाबाने द्रव सोडला जातो. एका विहिरीला दीड ते पाच कोटी लिटर पाणी आणि काही हजार टन वाळू लागते. दाब उतरल्यावर भेगा मिटू नयेत म्हणून ही वाळू.

मिश्रणात रसायने अर्धा टक्काच असतात, असे कंपन्या आवर्जून सांगतात. ते खरेही आहे, पण दोन कोटी लिटरचा अर्धा टक्का म्हणजे एक लाख लिटर. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल, घर्षण कमी करणारे पॉलिअॅक्रिलामाइड, जिवाणू मारणारे ग्लुटाराल्डिहाइड, गंजरोधके आणि क्षार जमू न देणारी द्रव्ये येतात. काही विहिरींत वाळू तरंगत ठेवण्यासाठी गवारीच्या बियांचा गोंद वापरतात. या गोंदाचा जगातला मोठा पुरवठा राजस्थानातून होतो. 2011-12 मध्ये फ्रॅकिंगच्या मागणीने गवारीचे भाव इतके भडकले की मार्च 2012 मध्ये भारतात तिचे वायदे बंद करावे लागले.

पाण्यात शिरणारा वायू : दोन किलोमीटर खोलीवरची भेग वर चढत भूजलापर्यंत येते, ही लोकांची पहिली शंका. मोजमापे तिला फारसा आधार देत नाहीत. अमेरिकेतील शेल थरांत नोंदलेली सर्वांत उंच भेग 588 मीटर होती आणि बहुतेक भेगा त्याहून बऱ्याच आखूड असतात. खरी कमकुवत जागा आहे केसिंगबाहेरचे सिमेंट. ओले सिमेंट घट्ट होऊ लागले की त्याचा खाली पडणारा दाब कमी होतो. नेमक्या त्या वेळी आजूबाजूच्या उथळ थरांतला वायू त्यात घुसून उभी वाट करून ठेवतो. पाइप छिद्राच्या मध्यावर न राहता एका बाजूला टेकला, किंवा छिद्र पाडताना भिंतीला चिकटलेला चिखल नीट धुतला नाही, तरी पोकळी राहते. म्हणून पुष्कळदा पाण्यात सापडणारा मिथेन मार्सेलसचा नसून त्याच्या वरच्या थरांचा असतो आणि विहीर त्याला जिन्यासारखी उपयोगी पडते. 2000 ते 2012 या काळातील राज्याच्या तपासणी नोंदींच्या विश्लेषणात शेल विहिरींमध्ये सिमेंट वा केसिंगचे दोष पारंपरिक विहिरींच्या सहापट आढळले.

सुसक्वेहाना काउंटीतील डिमॉक हे याचे गाजलेले उदाहरण. 1 जानेवारी 2009 रोजी तेथील एका घराच्या बोअरवर साठलेल्या मिथेनचा स्फोट झाला. राज्याच्या पर्यावरण खात्याने 18 बोअरमध्ये वायू शिरल्याचा ठपका कॅबट ऑइल अँड गॅस या कंपनीवर ठेवला आणि परिसरात नव्या विहिरींवर बंदी घातली. कंपनीने जबाबदारी कायम नाकारली. 2022 मध्ये तिच्या उत्तराधिकारी कोटेरा कंपनीने फौजदारी खटल्यात आरोपाला विरोध न करण्याची भूमिका घेतली आणि गावाला नळाचे पाणी देण्यासाठी 1 कोटी 62.9 लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. मधली तेरा-चौदा वर्षे अनेक घरे बाटलीच्या आणि टँकरच्या पाण्यावर होती. ड्यूक विद्यापीठाच्या 2011 च्या अभ्यासात चालू गॅसविहिरीपासून एक किलोमीटरच्या आतील बोअरमध्ये लिटरमागे सरासरी 19.2 मिलिग्रॅम, तर त्यापलीकडे 1.1 मिलिग्रॅम मिथेन होता. उद्योगाचा आक्षेप असा की या भागात पाण्यात मिथेन पूर्वीपासूनच आहे. तोही खोटा नाही, म्हणूनच विहीर खोदण्याआधीची पाणी तपासणी निर्णायक ठरते.

परतणारे खारे पाणी : घुसवलेल्या द्रवाचा काही भागच परत येतो. त्यात खडकातले क्षार मिसळलेले असतात आणि मार्सेलसमध्ये ते लिटरमागे दोन लाख मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकतात (समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 हजार). बेरियम, स्ट्राँशियम, ब्रोमाइड आणि किरणोत्सारी रेडियम सोबत येतात. सुरुवातीला हे पाणी नदीकाठच्या शुद्धीकरण केंद्रांत पाठवले जाई. मीठ तेथे काढलेच जात नसे. शिवाय ब्रोमाइडची नळपाण्यातल्या क्लोरीनशी क्रिया होऊन कर्करोगाचा संशय असलेली ट्रायहॅलोमिथेन संयुगे तयार होत. एप्रिल 2011 मध्ये राज्याने कंपन्यांना हे मेपर्यंत बंद करण्यास सांगितले. पण जोसेफाइन येथील केंद्राच्या खाली ब्लॅकलिक ओढ्याच्या गाळात रेडियम वरच्या बाजूच्या सुमारे 200 पट असल्याचे 2013 मध्ये दिसून आले. पाणी बंद करता आले, साठलेला गाळ राहिला. आता बरेचसे पाणी पुढच्या फ्रॅकिंगला पुन्हा वापरतात आणि उरलेले खोल विहिरींत सोडतात.

भूकंप : या खोल विहिरींतले पाणी जुन्या प्रस्तरभंगांवरचे (खडक तुटून सरकल्याच्या जागांवरचे) घर्षण कमी करते आणि ते सरकतात. 31 डिसेंबर 2011 रोजी ओहायोतील यंग्सटाउनला बसलेला सुमारे 4 तीव्रतेचा धक्का अशाच एका विहिरीमुळे होता, आणि तिथे जिरवले जाणारे पाणी पेनसिल्व्हेनियातूनही येत होते. ओक्लाहोमात (तेथे तेलाबरोबर निघणाऱ्या पाण्याचा वाटा मोठा) पॉनी येथे सप्टेंबर 2016 मध्ये 5.8 तीव्रतेचा भूकंप झाला.

हवा : पंपांची डिझेल इंजिने, एका विहिरीमागे टँकरच्या शेकडो ते हजार फेऱ्या, टाक्यांतून निसटणारे बेंझीन, रात्रंदिवस चालणारे कॉम्प्रेसर. गावकऱ्यांना जाणवते ते आधी हे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार अमेरिकेच्या एकूण वायू उत्पादनाच्या 2.3 टक्के मिथेन गळतीत जातो. सरकारी आकड्यापेक्षा हे प्रमाण सुमारे 60 टक्क्यांनी जास्त होते. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 80 पटींहून अधिक तापवतो. कोळशापेक्षा स्वच्छ इंधन म्हणून वायूची जी बढाई मारली जाते, ती बरीचशी या गळतीच्या आकड्यावर तोलली जाते.

कामगार : वाळू हलवणाऱ्या यंत्रांपाशी सिलिकाचा बारीक धुरळा उठतो. पाच राज्यांतील 11 ठिकाणी घेतलेल्या 111 नमुन्यांपैकी निम्म्याहून अधिक कायदेशीर मर्यादेबाहेर होते. परिणाम सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग, आणि त्यावर इलाज नाही. नाकावर साधा मुखपट्टा बांधून भागत नाही. यंत्रांची झाकणे बंद ठेवणे व धूळ ओढून घेणे हाच उपाय. टाकीचे झाकण उघडून पातळी मोजताना बाहेर झेपावणारी हायड्रोकार्बनची वाफ काही श्वासांत बेशुद्ध करते. 2010 ते 2014 या काळात अमेरिकेच्या तेल-वायू क्षेत्रात अशा नऊ मृत्यूंची नोंद झाली.

रहिवाशांचे आरोग्य : पेनसिल्व्हेनियातील 2004 ते 2013 मधल्या 11 लाखांहून अधिक जन्मांच्या अभ्यासात विहिरीपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांची बाळे कमी वजनाची असण्याचे प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी वाढलेले दिसले. तीन किलोमीटरपलीकडे परिणाम आढळला नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या 2023 च्या अहवालांत दम्याचे झटके वाढल्याचे आणि एक मैलाच्या आतील मुलांत लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची) शक्यता पाच ते सातपट असल्याचे नोंदवले. बालकांच्या रक्ताच्या (ल्युकेमिया) व हाडांच्या कर्करोगाशी मात्र संबंध सापडला नाही. लिम्फोमा मुळात दुर्मीळ असल्याने पटीतली वाढ मोजक्या रुग्णांची असते. हे सारे अभ्यास अंतरावर बेतलेले आहेत. नेमके कोणते द्रव्य, हवेतून की पाण्यातून, याचा निवाडा त्यांतून होत नाही.

कायदा व तपासणी : अमेरिकेच्या 2005 च्या ऊर्जा कायद्याने फ्रॅकिंगला, डिझेलचा वापर सोडल्यास, पेयजल सुरक्षा कायद्याच्या भूजल-इंजेक्शन नियमांतून सूट दिली. शेजारच्या न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर 2014 मध्ये आरोग्याच्या कारणावरून बंदी जाहीर केली, थर तोच असूनही. पेनसिल्व्हेनियाच्या 2012 च्या कायद्यानुसार गॅसविहीर आणि इमारत यांत 500 फूट अंतर हवे. गॅसविहिरीपासून 2,500 फुटांच्या आत, काम झाल्यापासून 12 महिन्यांत पाणी बिघडले तर दोष कंपनीचाच मानला जातो, आणि पाणी आधीपासून खराब होते हे तिने सिद्ध करायचे असते.

म्हणून बोअरच्या पाण्याचा नमुना काम सुरू होण्याआधी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच घ्यावा. त्यात मिथेन, ईथेन, क्लोराइड, ब्रोमाइड, बेरियम, स्ट्राँशियम व एकूण विरघळलेले क्षार तपासावेत. ईथेन सापडले तर वायू खोल थरातला असण्याची शक्यता वाढते, कारण दलदलीत जिवाणूंनी बनवलेल्या वायूत ते जवळपास नसते. लिटरमागे 10 मिलिग्रॅम मिथेनला लक्ष ठेवणे आणि 28 ला तातडीने कृती, ही तेथील रूढ मर्यादा आहे. बोअरच्या झाकणाला हवा जाण्याची नळी बसवून तिचे तोंड घराबाहेर उंच न्यावे. पाण्यात हवा खेळवून वायू काढता येतो, पण तो बंद तळघरात सोडला आणि हवेत 5 ते 15 टक्के झाला की ठिणगी पुरते. घरगुती कार्बन फिल्टरने मिथेन जात नाही, मीठही नाही.