शिवराज्याभिषेक दिन

छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा स्मृतिदिन. रायगडावर तो वर्षातून दोनदा साजरा होतो : ६ जूनला तारखेप्रमाणे आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला तिथीप्रमाणे.

काशीच्या गागाभट्टांच्या पौरोहित्याखाली शके १५९६, आनंदनाम संवत्सरात हा सोहळा झाला. तीन घटका रात्र उरली असताना, म्हणजे सूर्योदयाआधी साधारण सव्वा तास, महाराज सिंहासनावर बसले. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून जेधे शकावलीत (जेधे घराण्याच्या जुन्या कालनोंदींत) शुक्रवार आहे; इंग्रजी हिशेबाने तोवर शनिवार, ६ जून १६७४ उजाडला होता. मुंबईकर इंग्रजांचा वकील (दूत) हेन्री ऑक्झिंडन तेव्हा गडावर हजर होता.

मात्र ही ६ जून जुन्या ज्यूलियन गणनेतली. इंग्रजांनी ही गणना १७५२ पर्यंत सोडली नाही. गोव्याचे पोर्तुगीज ग्रेगोरियन गणना पाळत. त्यांच्या लेखी तो दिवस १६ जूनचा. आजचे आपले कॅलेंडरही ग्रेगोरियनच आहे. तेव्हा ‘तारीख पक्की, तिथी सरकती’ हा तारखेच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद वाटतो तितका सरळ नाही. तिथी सरकते हे खरेच : चांद्रवर्ष सुमारे अकरा दिवसांनी तोकडे असते आणि अधिक मास आला की ती भरपाई एकदम होते. २०२३ मध्ये त्रयोदशी २ जूनला होती, २०२४ मध्ये २० जूनला. शिवजयंतीच्या वादातही हाच पेच आहे.

खुद्द महाराजांनी कालगणनेसाठी तिथीच घेतली. या दिवसापासून सुरू झालेल्या राज्याभिषेक शकाचे वर्ष १ जानेवारीला किंवा पाडव्याला बदलत नाही, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलते. पेशवाईतल्या कागदांवरही हा शक आढळतो. १६७४ मध्येच २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसाव्यांच्या हातून तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. त्याचा उत्सव फारसा होत नाही.

२०२१ पासून राज्यातल्या ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदांत ६ जून हा ‘शिवस्वराज्य दिन’ म्हणून पाळला जातो. दोन्ही सोहळे पावसाच्या तोंडावर येतात. कधी गड धुक्यात असतो, कधी पायऱ्या निसरड्या झालेल्या असतात. १६७४ च्या मूळ सोहळ्यानंतर अकराव्या दिवशी, ज्येष्ठ वद्य नवमीला, जिजाबाईंचे निधन झाले. त्यांची समाधी गडाच्या पायथ्याला पाचाडात आहे.