गोठलेल्या प्रोग्रॅमचा पंचनामा

द्राक्षांच्या निर्यातीचा हंगाम भरात आला, की नाशिक जिल्ह्यातील निफाड-पिंपळगाव पट्ट्यात पॅकहाउसमधील संगणकांना उसंत नसते. समजा, अशा एखाद्या ठिकाणी जावा भाषेत लिहिलेला वजन-नोंदणीचा प्रोग्रॅम ऐन गर्दीत गोठला. चूक झाल्याचा संदेश नाही, लॉगमध्ये (प्रोग्रॅमच्या नोंदवहीत) नवी ओळ नाही, आणि काट्यापाशी क्रेटची थप्पी वाढते आहे. अशा वेळी हात रीस्टार्टकडे जातो. परंतु त्याने कोणता थ्रेड (प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एक धागा) कुठे अडकला होता याचा पुरावाच नाहीसा होतो आणि दुखणे तसेच राहते. मिनिटभर थांबून आधी पंचनामा करणे केव्हाही श्रेयस्कर.

त्यासाठीचे जेस्टॅक हे साधन जेडीके या जावाच्या विकास-साधनांच्या संचासोबतच येते. जेपीएस या कमांडने प्रोसेसचा (चालू प्रोग्रॅमचा) क्रमांक शोधून तो जेस्टॅकला दिला, की प्रत्येक थ्रेडचे नाव, त्याची अवस्था आणि मेथडांची (प्रोग्रॅममधील छोट्या कार्यखंडांची) उतरंड टर्मिनलवर उमटते. सर्वांत वर थ्रेड सध्या ज्या मेथडमध्ये आहे ती, तिच्याखाली तिला बोलावणारी, असा हा क्रम असतो.

‘वेटिंग’ अवस्थेतील थ्रेड पाहून दचकू नये. त्यांतले पुष्कळसे नव्या कामाची वाट पाहत स्वस्थ बसलेले असतात. नजर ‘ब्लॉक्ड’वर, म्हणजे दुसऱ्याने धरलेल्या लॉकसाठी (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणाऱ्या ताब्यासाठी) अडलेल्या थ्रेडांवर ठेवावी. आपल्या उदाहरणात वजन नोंदवणाऱ्या थ्रेडने साठ्याचे लॉक धरले आहे व त्याला बिलाचे हवे आहे, तर बिल करणाऱ्या थ्रेडने बिलाचे धरून साठ्याचे मागितले आहे. दोघेही कधीच सुटणार नाहीत. ही परस्परकोंडी, म्हणजे डेडलॉक, जेस्टॅक स्वतः ओळखतो आणि कोण कोणासाठी अडला आहे ते अहवालाच्या शेवटी स्पष्ट लिहितो. दोन्ही थ्रेडांनी लॉक एकाच क्रमाने घेतले, की ही कोंडी उद्भवत नाही.

सीपीयू तापला, म्हणजे सतत कामात गुंतलेला असेल, तर लिनक्सवर ‘टॉप’ या भार दाखवणाऱ्या कमांडला थ्रेडनिहाय आकडे मागावेत. तिथे थ्रेडचा क्रमांक दशमान पद्धतीत असतो, तर जावा ८, ११ किंवा १७ च्या अहवालात तो षोडशमान (१६ च्या पायावरील) पद्धतीत येतो. म्हणजे ४६६० हा थ्रेड तेथे १२३४ म्हणून शोधावा लागतो. शिवाय एकाच अहवालावर निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. पाच-दहा सेकंदांच्या अंतराने तीन-चार अहवाल घ्यावेत. प्रत्येकात तोच थ्रेड त्याच ओळीवर दिसला, तरच संशय बळावतो.

२०२३ मध्ये आलेल्या जावा २१ मधील व्हर्च्युअल थ्रेड (जावाने स्वतः सांभाळलेले हलके थ्रेड) मात्र जेस्टॅकच्या यादीत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी जेसीएमडी या साधनाने थ्रेडांचा अहवाल फाइलमध्ये उतरवून घ्यावा लागतो.